फळ्यावरची जेल

मी एक जुना लाकडी फळा आहे. किती जुना, ते मला नक्की ठाऊक नाही. हसू नका मित्रांनो! 'नक्की ठाऊक नाही' एवढं साधं वाक्य बोलायला या खोलीत कितीतरी वर्षं बंदी होती, आणि ती बंदी माझ्याच अंगावर लिहिलेली होती. ती कशी उठली ते तुम्हाला सांगायचं आहे. पण म्हाताऱ्यांची खोड तुम्हाला माहीत आहे. आम्ही जन्मापासून सुरुवात केल्याशिवाय पुढं सरकत नाही.

माझा जन्म मोहोळचा. तिथले माउली सुतार कामात हळू आणि बोलण्यात त्याहून हळू. "फळा कधी देणार?" असं कुणी विचारलं की ते रंधा थांबवायचे आणि म्हणायचे, "बघू की. लाकूड काय म्हनतंय त्यावर हाय." त्यांनी फळ्या जोडल्या, सांधे भरले, काळ्या रंगाचे हात दिले. खालच्या उजव्या कोपऱ्यातली फळी मात्र जरा ओली राहिली होती. तिच्यावरून अंगठा फिरवून माउली पुटपुटले, "ही सरळ ऱ्हाती का वाकती, काय की!" ती वाकली. तिथं मला एक बारीक भेग पडली आणि तेवढा कोपरा कायमचा खरखरीत झाला. त्यावर खडू घासला की असा रुतायचा, की फडकं कितीही फिरवा, अक्षराची सावली राहायचीच.

तिथून मी मोडनिंबच्या शाळेत गेलो. काय दिवस होते ते! सकाळी पहिल्यांदा सुविचार माझ्यावर यायचा. शनिवारी पोरं कोळसा आणि हिरवा पाला वाटून मला रंगवायची, आणि माझ्यापेक्षा जास्त स्वतःच काळी व्हायची. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, "वा, काय झकास फळा आहे!" ते वाक्य मी पुढं वर्षानुवर्षं चघळलं, खोटं कशाला सांगू? मग शाळेत चकचकीत पांढरे फळे आले. मी आधी व्हरांड्यात गेलो, मग मोडक्या बाकांच्या खोलीत. तिथं माझ्या आडोशाला एक मांजर व्याली, तेवढीच काय ती सोबत. शेवटी भंगाराबरोबर मला सोलापूरला आणून टाकलं.

भंगारवाल्याच्या अंगणातून मला उचललं ते गुरुशांत सरांनी. नवी पेठेत साडीच्या दुकानावर एक खोली आहे. लोखंडी जिना चढून वर गेलं की सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास लागतो. सरांनी मला स्वतःच्या हातानं पुसलं, खिळे ठोकून भिंतीला लावलं, दोन पावलं मागं सरकून बघितलं आणि म्हणाले, "बास, आता क्लास क्लाससारखा दिसतोय." मित्रांनो, टाकून दिलेल्याला कुणी असं बोललं ना, की तो त्या माणसाचा जन्मभराचा होतो.

सर माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या काळजात एक काटा होता. तरुणपणी ते पुण्याला एका मुलाखतीला गेले होते. समोरच्यांनी काहीतरी विचारलं, सरांना ते अर्धवट येत होतं, आणि सर प्रामाणिकपणे म्हणाले, "आय थिंक... मेबी..." समोरचे तिघं एकमेकांकडं बघून हसले आणि म्हणाले, "यू मे गो." सर परतीच्या गाडीत दारापाशी बसून सोलापूरला आले. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पोरांनो, आपल्याला इंग्रजी कमी येतं म्हणून आपण मागं नाही. आपण चाचरतो म्हणून मागं आहोत. इथं चाचरायचं नाही!"

म्हणून सरांनी माझ्या त्या खरखरीत कोपऱ्यात जेल काढली. खडूचा चौकोन, त्याला उभे गज, वर नाव 'जेल'. पहिला कैदी अर्थातच 'मेबी'. मग एकेक येत गेले. चादरीच्या दुकानातला दिग्विजय मोबाईलवर रात्रंदिवस मालिका बघायचा, त्यानं 'काइंडा', म्हणजे थोडंसं तसंच, आणि 'डन्नो', म्हणजे ठाऊक नाही, असे दोन पकडून आणले. "सर, तिकडं सगळी तरणी पोरं असंच बोलत्यात," असं तो म्हणाला. सर म्हणाले, "बोलू देत. आत टाक त्यांना." 'आय गेस' आला, 'हू नोज' आला, 'नॉट शुअर' आला. कुणाच्या तोंडून यातला एक शब्द जरी निघाला तरी सर ओरडायचे, "जेल!" मग त्या पोरानं उठायचं, तो शब्द स्वतःच्या हातानं गजाआड पुन्हा गिरवायचा, वर्गाकडं तोंड करायचं आणि छाती काढून म्हणायचं, "येस सर! डेफिनेटली!" सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा.

मला मात्र त्या कैद्यांचा लळा लागला होता. 'डेफिनेटली', 'शुअर', 'ऑफ कोर्स' हे बडे लोक रोज माझ्या मधोमध मोठ्या अक्षरात मिरवायचे आणि तास संपला की डस्टरखाली जायचे. कैदी तेवढे सदा माझ्याजवळ. अंधारात मी त्यांच्याशी मनातल्या मनात बोलायचो. माउली सुतारांची 'काय की' आणि हा 'डन्नो' एकाच घरचे आहेत, असं मला सारखं वाटायचं.

आणि मग श्रीदेवी आली.

श्रीदेवी दुधनीची. घरी कन्नड, बाजारात मराठी, आणि इंग्रजी शिकायला रोज रेल्वेनं सोलापूर. तिचे वडील बसप्पा दुधनीत तुरीचा व्यापार करतात. शेतकरी विचारायचे, "बसप्पा, भाव वाढंल का पुढं?" बसप्पा म्हणायचे, "गोत्तिल्लरी." म्हणजे, माहीत नाही हो. बाकीचे व्यापारी छातीठोक भाव सांगायचे, पण माणसं माल घालायची ती बसप्पांकडं. 'जो माहीत नसेल ते माहीत नाही म्हणतो, तो फसवणार नाही,' असा त्यांचा हिशेब. हे सगळं श्रीदेवीनंच एकदा 'माय फादर' या विषयावर बोलताना सांगितलं होतं. त्या भाषणात 'गोत्तिल्लरी' आलं म्हणून सरांनी तिलाही जेल सुनावली. सगळे खो खो हसले, तीही हसली.

पण तिचं खरंच अवघड होतं. सर विचारायचे, "श्रीदेवी, उद्या वेळेवर येशील?" गाडीचा काय भरवसा! ती म्हणायची, "नॉट शुअर, सर."

"जेल!"

बिचारी उठायची. तिनं गिरवून गिरवून 'नॉट शुअर' एवढा ठळक केला होता, की तो जिन्यातूनही दिसायचा. सर काळजीनं म्हणायचे, "पोरी, हा शब्द एक दिवस तुझी नोकरी खाणार बघ."

नोकरी मिळालीही. अक्कलकोट रोडला टॉवेलचा एक कारखाना आहे, शिवानंद म्हणून मालक. त्यांनी परदेशातून नवी मोठी मशिन आणली होती आणि ती बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता. त्याचं इंग्रजी कामगारांना कळेना, कामगारांचं मराठी-तेलुगू त्याला कळेना. मधे बोलायला श्रीदेवीला ठेवलं. मालक म्हणाले, "मशिन सुरू होईपर्यंत बघू. नीट बोललीस तर नोकरी पक्की." बसप्पांचंही म्हणणं तेच. नोकरी पक्की झाली तर खुशाल जा-ये कर, नाही तर आपलं दुकान आहेच. दुकानात बसायला तिची ना नव्हती, पण तिला ही नोकरी हवी होती. लई हवी होती. क्लास सुटल्यावर खोलीत कुणी नसलं की ती माझ्यासमोर उभी राहून इंग्रजी वाक्यं म्हणायची आणि चुकली की स्वतःलाच 'छे गं' म्हणायची.

सरांचा आनंद काय सांगू! आपली पोरगी परदेशी साहेबाशी बोलते! तिचा फोटो टाकून चौकात फ्लेक्स लावायचा बेत ठरला. फ्लेक्स बघून नवी पोरं येतील, मग भिंतीवर मोठा टीव्ही घेऊ, असंही सर बोलले. "आणि हा फळा?" असं दिग्विजयनं विचारलं. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि विषय बदलला. मला कळायचं ते कळलं. श्रीदेवीचं भलं झालं की मी भंगारात. तरीसुद्धा मित्रांनो, तिनं नापास व्हावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. फळ्याला पोरांचं वाईट चिंतता येत नाही, आमची घडणच तशी नसते.

रोज संध्याकाळी ती कारखान्यातून थेट क्लासला यायची आणि गमती सांगायची. एकदा म्हणाली, "सर, एक विचारू? तो इंजिनिअर एवढा शिकलेला, जगभर मशिनी बसवतो. पण दिवसभर आपल्या जेलमधलेच शब्द बोलतो हो! नटाला हात लावतो, म्हणतो, 'मेबी धिस वन.' मग दुसऱ्याला लावतो, 'हम्म, नॉट शुअर. लेट्स चेक.' मी मोजायचंच सोडून दिलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "तो साहेब आहे, बाई. त्याला चालतं. आपण तेच बोललो की लोक म्हणतात, याला काही येत नाही."

खरं होतं ते.

मशिन सुरू करायचा दिवस आला. दुपारचा मुहूर्त होता. संध्याकाळी सरांनी पेढे आणून टेबलावर ठेवले, माझ्या मधोमध मोठ्या अक्षरात 'काँग्रॅच्युलेशन्स श्रीदेवी' लिहिलं, भोवती फुलं काढली. पोरं जिन्याकडं डोळे लावून बसली.

श्रीदेवी आली ती रडून सुजलेल्या डोळ्यांनी. पेढ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सर, मी तुमचा नियम मोडला."

"बस आधी. पाणी पी," सर म्हणाले.

ती बसली नाही. तिनं खडू उचलला, सरांनी काढलेल्या फुलांच्या खाली एक लांबलचक चौकोन काढला आणि सांगू लागली. ही मशिन. अशी आडवी, माणसापेक्षा उंच. ह्या टोकाला बटणं, तिथं इंजिनिअर आणि मी. मालक, त्यांच्या घरचे, पाहुणे सगळे पुढच्या बाजूला. मशिनीला झेंडूच्या माळा घातलेल्या. भटजींनी नारळ हातात घेतलेला. शेजारच्या मशिनी धडधडत चालू, त्यामुळं कानात बोललं तरच ऐकू येतंय.

"इंजिनिअरनं बटणावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, 'ऑल क्लिअर? एव्हरीबडी आउट?' मागं कुणी नाही ना, असं. मागचं काहीच दिसत नव्हतं, सर. मघाशी आमचे जॉबर, मशिनी लावून देणारे सिद्धारामअण्णा, मागं गेले होते. ते परत आले का ते मी बघितलं नव्हतं. मालक म्हणाले, 'मुहूर्त टळतोय पोरी, येस म्हण की!' भटजी म्हणाले, 'म्हणा लवकर.' सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. माझ्या तोंडात 'येस सर, डेफिनेटली' आलंच होतं. रोज म्हणायची सवय ना."

तिच्या हातातला खडू मोडला.

"पण मला खरंच माहीत नव्हतं हो सर! मी म्हणाले, 'नॉट शुअर.' त्याला ऐकू गेलं नाही. मग मी जोरात ओरडले, 'नॉट शुअर, सर! आय डोन्ट नो! वेट!' त्यानं चटका बसल्यासारखं बोट काढलं. मालक माझ्यावर असे खवळले! पाहुण्यांसमोर शोभा केलीस, साधं येस म्हणता येत नाही, तर कशाला ठेवलंय तुला, असं बरंच बोलले. इंजिनिअर मात्र थेट मागं चालत गेला. मीही गेले."

मशिनीच्या चौकोनामागं तिनं एक वाकलेला माणूस काढला. तिला चित्र येत नाही. तरीही तो माणूस सगळ्यांना कळला.

"झेंडूची माळ सुटून मागच्या बाजूनं आत पडली होती, सर. मुहूर्ताची माळ मशिनीत अडकायला नको, म्हणून सिद्धारामअण्णा ती काढत होते. कोपरापर्यंत हात आत. आवाजात त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. आम्हाला बघून ते हसले आणि म्हणाले, 'आलोच बगा, येवढी माळ काडतो.'"

खाली दुकानात साड्यांचा भाव चाललेला तेवढा ऐकू येत होता.

"मालकांनी ते बघितलं आणि ते खाली फरशीवरच बसले. नारळ तसाच राहिला. मग मी पर्स उचलली आणि निघून आले."

सरांनी हळूच विचारलं, "नोकरी आहे, का गेली?"

श्रीदेवीनं डोळे पुसले, गालाला खडू लागला. म्हणाली, "काय की, सर."

सवयीनं सगळ्यांनी सरांकडं बघितलं. 'जेल!' कुणीच म्हणालं नाही. सरांनी डस्टर घेतला आणि माझ्या कोपऱ्यापाशी आले. मला वाटलं, आता कैदी गेले. पण सरांनी डस्टरची कड धरून, शब्दांना धक्का न लावता, एकेक करून फक्त गज पुसले; उरली ती त्यांची पुसटशी सावली. मग वरचं 'जेल' पुसलं. 'नॉट शुअर', 'मेबी', 'डन्नो' सगळे तिथंच राहिले, मोकळे.

"मी तुम्हाला चाचरू नका म्हणून सांगत होतो," सर म्हणाले. "पण हे चाचरणं नव्हे. सगळे येस म्हण म्हणत असताना नॉट शुअर म्हणायला सगळ्यात जास्त कॉन्फिडन्स लागतो. हे मला ह्या पोरीनं आज शिकवलं. पुण्याला मी जे बोललो, ते बरोबर होतं रे."

मग त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा श्रीदेवीला दिला. ती रडत रडत तो खाऊ लागली. मित्रांनो, मला रडता येत नाही म्हणून बरं, नाही तर माझ्यावरची सगळी अक्षरं वाहून गेली असती.

पुढच्या रविवारी सकाळच्या बॅचला जिन्यात चपला वाजल्या. दारात एक मध्यम वयाचा माणूस, धुतलेला पांढरा सदरा, हातात शेंगाच्या चटणीची पिशवी. "आत यू का?" त्यानं विचारलं. श्रीदेवी ताडकन उठली, "सिद्धारामअण्णा! या की!"

"मालकांनी सांगितलंय, उद्यापास्नं ये म्हनून," ते म्हणाले. "नोकरी पक्की. त्येच येणार व्हते, पन लाजत्यात. मी म्हनलं, मलाबी जायचंच हाय, मी सांगतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. श्रीदेवीनं आधी दुधनीला फोन लावला आणि कन्नडमधून एवढ्या भरभर बोलली, की सरांनाही नीट समजलं नाही.

टाळ्या थांबल्यावर सिद्धाराम संकोचून म्हणाले, "अक्का, त्यो शबूद कुटला गं? तू वरडलीस त्यो? मला इंग्लिस वाचता येत न्हाय. दाव की."

श्रीदेवीनं बोट ठेवून दाखवलं. ते माझ्याजवळ आले. माझ्या खरखरीत कोपऱ्यातल्या त्या ठळक शब्दाकडं त्यांनी पाया पडताना बघतात तसं बघितलं, आणि उजव्या हाताचा तळवा त्यावर टेकला. तो हात राठ होता, गरम होता, आणि त्याची पाचही बोटं जागेवर होती. एवढ्या वर्षांत इतक्या लोकांनी माझ्यावर लिहिलं, पण अंगावर असा हात कुणी ठेवला नव्हता. हात काढला तेव्हा खडूच्या भुकटीत पंजा स्पष्ट उमटला होता, आणि त्यातून तो शब्द वाचता येत होता.

"अगं बया, मी फळा खराब केला की!" असं म्हणून ते बाहीनं पुसायला गेले. सरांनी त्यांचा हात धरला.

नंतर फ्लेक्स लागला, नवी पोरं आली, समोरच्या भिंतीवर मोठा टीव्हीही आला. त्यावर रंगीत चित्रं हलतात. मला हेवा वाटत नाही असं नाही. मी आणखी किती दिवस या भिंतीवर आहे? डन्नो, मित्रांनो. सरांनाही विचारलं तर ते हसून म्हणतील, हू नोज! तुमच्याकडं माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या शाळेत एखादा जुना फळा असेल तर त्याला ओल्या फडक्यानं खसाखसा घासू नका, कोरड्यानं हलकेच पुसा. आणि जे तुम्हाला माहीत नाही, त्याला घाईघाईनं 'हो' म्हणून टाकू नका. मागं कुणाचा तरी हात असू शकतो.

रोज तास संपला की पोरं डस्टर घेऊन मला पुसायला येतात. एखादं नवीन पोर पुसत पुसत त्या कोपऱ्यापर्यंत पोचतं आणि विचारतं, "सर, हा डाग पण पुसू?"

सर जागेवरूनच सांगतात, "डाग नाही रे, हात आहे तो. राहू दे."